टेनिस बॉलवरून लेदर बॉलवर कसं यायचं? उमेश यादवचं करिअर समोर ठेवून, नागपूरच्या पोट्ट्यांसाठी

नागपुरात कोणत्याही ग्राउंडवर जा, रेशीमबाग म्हणा, कस्तूरचंद पार्क म्हणा, नाहीतर एखाद्या लेआउटमधला रिकामा प्लॉट, तिथं एक तरी पोट्टा असा सापडतोच ज्याचा टेनिस बॉल समोरच्याला दिसतच नाही. वय अठरा-एकोणीस, खांद्यात जोर, गावोगावच्या नाईट टूर्नामेंट खेळून मॅन ऑफ द सिरीजचा कूलर घरी आणलेला, आणि मनात एकच प्रश्न, की भाऊ लेदरवर माझं काही होईल का, का आता वय निघून गेलं. हे त्याच्यासाठी लिहून राहिलो, आणि त्याच्या आईबाबांसाठी पण, कारण निम्मे प्रश्न घरूनच येतात.

उत्तर आपल्याच मातीत आहे, उमेश यादव. पण लोकं त्याची गोष्ट कशी सांगतात, की खाणकामगाराचा पोरगा, गरिबी होती, मग एकदम टीम इंडियात गेला, संपलं. ऐकायला भारी वाटतं पण त्यातून पोट्ट्यानं उद्या सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. त्याच्या करिअरमध्ये पायऱ्या आहेत, आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात अवघड पायरी टीम इंडिया नव्हतीच, टेनिस बॉल ठेवून लेदर बॉल हातात घेणं ही होती. तेवढी एक नीट समजून घेतली तर पुढचं सगळं करण्यासारखं आहे.

आधी त्याच्या तारखा बघून घ्या, कारण सगळं त्याच्यातच आहे. जन्म २५ ऑक्टोबर १९८७. घर मूळचं उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यातलं, वडील तिलक यादव वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत कामाला, म्हणून राहणं खापरखेड्याजवळच्या वलनीत. पोट्ट्याला नोकरी लागावी ही घरची इच्छा, त्यानं सैन्यात आणि पोलिसात जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोपर्यंत क्रिकेट म्हणजे टेनिस बॉलच. २००७-०८ मध्ये विदर्भ जिमखान्याकडून लेदरवर खेळायला लागला, म्हणजे विशीत. आणि ३ नोव्हेंबर २००८ ला ग्वाल्हेरला मध्य प्रदेशविरुद्ध रणजी डेब्यू. त्याच आठवड्यात इकडे जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली टेस्ट सुरू झाली होती, ६ नोव्हेंबरला, गांगुलीची शेवटची टेस्ट, आख्खं नागपूर वर्धा रोडवर होतं आणि आपला एक पोट्टा ग्वाल्हेरला पहिल्याच इनिंगमध्ये चार विकेट काढून बसला होता. त्या सीझनला चार मॅचमध्ये २० विकेट, सरासरी १४.६०. मे २०१० मध्ये झिम्बाब्वेत वनडे डेब्यू. आणि ६ नोव्हेंबर २०११ ला दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्ट कॅप, विदर्भाकडून खेळणारा पहिला टेस्ट क्रिकेटर.

म्हणजे लेदर बॉल हातात घेतल्यापासून टेस्ट कॅपपर्यंत चारेक वर्ष. एवढं फास्ट प्रत्येकाचं होणार नाही, होत नसतं, पण अठरा-एकोणीस म्हणजे वय गेलं असं कोणी म्हटलं तर त्याला हे दाखवा.

आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी तुमचा स्पीड खरंच किती आहे ते बघा, आणि स्वतःशी खरं बोला. टेनिसवर "लय फास्ट आहे" हे कोणीपण म्हणते, सहा ओव्हरची मॅच, खडबडीत ग्राउंड, ट्यूबलाइटचा उजेड, त्यात सगळेच फास्ट दिसतात. स्पीड गन कोणाकडे नसते पण मोबाइल तर आहे ना. स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेमवाला, साइडनं उभं राहून व्हिडिओ काढा, बावीस यार्ड मोजून, लेदर बॉलनं, आणि बॉल हातातून सुटल्यापासून समोरच्या क्रीजवरच्या बॅटपर्यंत पोचेपर्यंत फ्रेम मोजा. साधारण १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, तिथं असाल तर तुमचा स्पीड ताशी १३० किलोमीटरच्या पुढे आहे, आणि मग तुम्ही हे वाचणं सोडून आजच क्लब शोधायला पायजे. १४५ च्या आसपास फ्रेम लागत असतील तर ११५-१२० धरा, तरीपण वाईट नाही, विशीच्या आत असाल तर अंगात ताकद आली की वाढतो. हा हिशोब ढोबळ आहे पण टूर्नामेंटच्या कॉमेंट्रीपेक्षा खरा आहे. दुसरी खूण विकेटकीपर. लीग खेळलेल्या कीपरला विचारा की तू माझ्या बॉलिंगला किती मागे उभा राहतो आणि बॉल तुझ्या हातात कुठं येतो, कमरेवर का घोट्यावर. कीपर खोटं बोलत नाही, त्याची बोटं असतात मधात.

स्पीड का एवढा महत्त्वाचा, तर उशिरा येणाऱ्यासाठी तोच एक पास आहे. जो बारा वर्षाचा असल्यापासून अकॅडमीत आहे त्याची लाइन-लेंग्थ तुमच्यापेक्षा चांगली असणारच. तुमच्याकडे असं पायजे जे शिकवून येत नाही. उमेशकडे ते होतं, म्हणूनच विदर्भाचा तेव्हाचा कॅप्टन प्रीतम गंधेनं त्याच्यात काही पाहिलं, एअर इंडियाकडून टी-ट्वेंटी खेळायला नेलं, त्याच्यासाठी शब्द टाकला. रॉ होता, बॉल कुठंही जायचा, पण स्पीड होता.

आता क्लब. इथं पोट्टे सगळ्यात जास्त चुकतात. महागडी अकॅडमी आणि क्लब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राजेहो. अकॅडमीत नेट मिळतो, क्लबकडून मॅच मिळते, आणि सिलेक्शन मॅचवर होते. तुम्हाला असा क्लब पायजे जो व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, लीगमध्ये खेळतो, आपल्याकडची गुझदर लीग वगैरे, कारण तिथल्या स्कोअरशीटवर तुमचं नाव येते आणि ती शीट बघणारे लोक असतात. जाताना ओळखीपाळखीची गरज नाही. सकाळी किंवा संध्याकाळी नेट असते त्या वेळी जा, सरांना सांगा की मी टेनिसवर बॉलिंग करतो, नेटमध्ये बॉलर म्हणून येऊ का. बॅट्समनला बॉलर नेहमीच कमी पडतात, फास्ट बॉलर तर लयच कमी, सहसा नाही म्हणत नाही कोणी. पहिले काही महिने बॅटिंग मागू नका, फक्त बॉलिंग करा, दुसऱ्याचे बॉल उचलून द्या, नेट बांधू लागा. आणि कोणी तुम्हाला टीममध्ये टाकतो म्हणून आधी मोठी रक्कम मागितली तर तिथून निघा, त्या दारानं कोणी रणजीपर्यंत गेलेला नाही.

नागपूर शहराच्या बाहेरचे असाल, काटोल, उमरेड, सावनेर, किंवा दुसऱ्या जिल्ह्यातले, तर तुमच्या जिल्ह्याच्या टीमची निवड कधी असते ती चौकशी करा. व्हीसीएत विदर्भातले सगळे ११ जिल्हे येतात. वलनी काही शहरात नाही, तिथून नागपूर वीसेक किलोमीटर पडते, उमेश यायचाच ना.

बॉल हातात घेतल्यावर

आता खरा मुद्दा. लेदर बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, आणि साधा टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅम, म्हणजे जवळपास तिप्पट फरक. टेनिसवर तुम्ही खांदा आणि मनगटाच्या झटक्यानं बॉल "फेकत" असता, अंग तिरपं जाते, डावा पाय कुठंही पडते, तरी चालून जाते. तेच लेदरवर केलं तर पंधरा दिवसांत खांदा नाहीतर कंबर धरते. म्हणून पहिला महिना फुल स्पीड टाकायचाच नाही. तीन-चार पावलांचा रनअप, फक्त ॲक्शन. आणि ॲक्शन कोणाला तरी साइडनं दाखवून घ्या, टेनिसवाल्यांना कोपर वाकवायची सवय फार असते, आयसीसीचा नियम आहे की कोपर १५ अंशापेक्षा जास्त सरळ होता कामा नये, आणि एकदा चकिंगचा शिक्का बसला की पुसायला वर्ष जातात.

मग सीम, म्हणजे बॉलवरची शिवण. हे मी जरा सावकाश सांगतो कारण उमेशच्या सगळ्या विकेटा इथूनच आल्या. बॉल असा धरा की सीम उभी, पहिलं आणि मधलं बोट सीमच्या दोन्ही बाजूला, जवळजवळ, अंगठा खाली सीमवर टेकलेला, आणि बॉल अन् तळहात यांच्यामध्ये फट राहिली पायजे, एक बोट आत जाईल एवढी. तळहाताला चिकटवून धरला तर तो टेनिस बॉलसारखाच सुटतो. सोडताना शेवटचा स्पर्श त्याच दोन बोटांच्या टोकाचा, आणि मनगट बॉलच्या मागे, बाजूला नाही. सुरुवातीला मधल्या बोटाला फोड येईल, येऊ द्या, ती फोड आली म्हणजे बॉल बरोबर जागेवरून सुटून राहिला.

घरी करायचं एक काम. रात्री पलंगावर उताणं पडा, बॉल याच ग्रिपमध्ये धरा आणि सरळ वर उडवा, छताच्या दिशेनं, मागे फिरकी देऊन. बघत राहा सीम डगमगते का. डगमगत असेल तर बोटं सारखी नाहीत, एकाचा जोर जास्त लागतो. सीम एका रेषेत सरळ फिरताना दिसायला लागली की तुम्ही लेदर बॉलर व्हायला लागले. ह्याला ना ग्राउंड लागते ना फी, आणि हे न करणारे पोट्टे दोन-दोन वर्ष नेटमध्ये घाम गाळतात तरी त्यांचा बॉल हलत नाही. फक्त पंखा बंद करून करा.

उमेशचं बघा, आउटस्विंग. मिडल-लेग धरून येणारा बॉल ऑफ स्टंपकडे जायचा, तोही १४० च्या वर. आणि बॉल जुना झाला की रिव्हर्स, म्हणजे उलटा स्विंग. कोलकात्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशविरुद्धची पिंक बॉल टेस्ट मिळाली तर परत बघा, पहिल्या इनिंगमध्ये २९ रनमध्ये ३ विकेट, दुसऱ्यात ५३ रनमध्ये ५, बॅट्समनची बॅट खाली यायच्या आत बॉल पॅडवर. टीव्हीवर ती सीम थांबवून थांबवून बघा, पॉज करा, मग स्वतःचा व्हिडिओ बघा. यापेक्षा चांगलं कोचिंग फुकट कुठं मिळते.

लेंग्थ ही तिसरी गोष्ट, आणि टेनिसवाल्याला ती सगळ्यात जास्त खटकते. टेनिसवर दोनच बॉल चालतात, यॉर्कर नाहीतर आपटलेला बॉल, मधात टाकला की सिक्स. लेदरवर बरोबर उलटं आहे. स्टंपपासून साधारण सहा ते आठ मीटरवरची जागा, तिथं टाकलेल्या बॉलला पुढे जाऊन खेळावं का मागे ते बॅट्समनला कळत नाही, तीच गुड लेंग्थ. तिथं एक जुना नॅपकिन अंथरा, ऑफ स्टंपच्या जरा बाहेरच्या रेषेत, आणि सहा बॉलमध्ये किती पडतात ते वहीत लिहा. खरंच वहीत लिहा, डोक्यात ठेवलं की आपण आपल्या बाजूनं मोजतो. सहापैकी चार पडायला लागेपर्यंत यॉर्कर, स्लोअर, नकल बॉल, काही नाही. पोट्ट्यांना बुमराह व्हायचं असते पहिल्या आठवड्यात, पण रणजीत चार दिवस एकाच जागेवर बॉल टाकणाऱ्याला विकेट मिळतात. बघा ना, २०१७-१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला, इंदूरला फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, स्टंपात जाणारे बॉल, बस.

बॉलचं पण बघा, आपल्याकडे रणजी एसजी कंपनीच्या बॉलवर होते, मेरठला बनतो, सीम जाड असते. नेटमध्ये दोनशे-तीनशेचा कोणता तरी बॉल वापरला तर अर्ध्या तासात गोल दगड होतो. चार मित्र मिळून एक चांगला बॉल घ्या, एकच बाजू चमकवायची हे सगळ्यांना सांगून ठेवा, आणि ओल्या गवतावर तो काढू नका.

शूज, रनअप, अंग

पैसे कमी असतील, आणि बहुतेकांचे असतातच, तर बॅट घेऊ नका. बॅट क्लबमध्ये मिळते, पॅड मिळते, हेल्मेट मिळते, दुसऱ्याचे शूज मिळत नाहीत. फास्ट बॉलर पुढचा पाय टाकतो तेव्हा त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, साध्या कॅनव्हासच्या बुटात ते सगळं घोटा, गुडघा आणि कंबरेत जाते. स्पाइकवाले, घोटा पकडणारे, टाच जाड असलेले शूज, घरात पहिला खर्च हाच. मॅटिंगवर खेळायचं असेल तर रबरी खिळ्यांचे वेगळे लागतात, हे दुकानात सांगून घ्या.

रनअप मोजून. क्रीजवर उभं राहा, पाठ फिरवून, आणि नेहमीसारखं पळत जा, डोळे मिटून म्हटलं तरी चालेल, मित्राला सांगा की जिथं उडी मारावीशी वाटली तिथं खूण कर. पाच-सहा वेळा करा, खुणा जिथं जमतील ती तुमची जागा. मग पावलं मोजून लक्षात ठेवा, प्रत्येक मॅचला टेप नाहीतर चुना घेऊन जा. टेनिसवर कोणी नो-बॉल बघत नाही, लेदरवर विकेट पडते आणि अंपायर हात आडवा करतो, तेव्हा काय वाटते ते सांगायची गरज नाही.

अंगाबद्दल. फास्ट बॉलरची कंबर, मणक्याचं खालचं हाड, तिथं स्ट्रेस फ्रॅक्चर होते, आणि ते सोळा ते बावीस या वयातच जास्त होते कारण हाड अजून पक्कं झालेलं नसते. इंग्लंडच्या बोर्डानं पोरांसाठी मर्यादा ठरवून दिली होती, १६-१७ वर्षाच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये सात ओव्हर, दिवसाला अठरा, आणि आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त बॉलिंग नाही. ती मर्यादा आपल्या पोट्ट्यांनी पाळायला पायजे. आणि यात टेनिसच्या टूर्नामेंट पण मोजा. दिवसा नेट, रात्री पारशिवनीला फ्लडलाइट टूर्नामेंट, रविवारी क्लबची मॅच, असं करणाऱ्याची कंबर तुटते ती लेदरमुळे नाही, हिशोब न ठेवल्यामुळे. कंबरेत एकाच बाजूला, वाकल्यावर किंवा मागे झुकल्यावर दुखत असेल तर मलम लावून खेळू नका, ऑर्थोपेडिकला दाखवा, लवकर पकडलं तर काही महिन्यांत बरं होते.

ताकदीसाठी जिम नसली तरी चालते, स्क्वॉट, लंजेस, प्लँक, दोरी, पायऱ्या. आणि आपल्या उन्हाचं भान ठेवा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला जाते, सकाळी साडेपाचला ग्राउंडवर आणि आठच्या आत घरी. पाण्यात मीठ-साखर-लिंबू टाकून न्या, कैरीचं पन्हं त्याहून बरं. तर्री पोहे रोज नका खाऊ, आठवड्यातून एकदा ठीक आहे, बाकी दिवस अंडी, भिजवलेले चणे, सोयाबीन, दूध, घरची भाजी-भाकर, एवढ्यात बॉलर होतो.

हे का महत्त्वाचं ते हैदराबादवरून सांगतो. ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्ट, शार्दुल ठाकूरचा डेब्यू आणि दहा बॉल टाकून तो जखमी होऊन बाहेर. म्हणजे दोन फास्ट बॉलर घेऊन उतरलेल्या टीमकडे एकच उरला, उमेश. पहिल्या इनिंगमध्ये ८८ रनमध्ये ६ विकेट, दुसऱ्यात ४५ रनमध्ये ४, मॅचमध्ये दहा विकेट आणि मॅन ऑफ द मॅच. दुसऱ्याचे ओव्हर पण टाकायचं अंग त्याच्याकडे होतं म्हणून ते झालं, आणि ते अंग वर्षानुवर्षं कमावलेलं होतं, व्हीसीएत सुब्रतो बॅनर्जीसारख्या कोचसोबत.

कागदपत्रं आणि वयोगट

पटकन सांगतो. बीसीसीआयच्या स्पर्धा वयोगटाच्या असतात, सोळा वर्षाखालची विजय मर्चंट ट्रॉफी, एकोणीस वर्षाखालची कूचबिहार आणि विनू मांकड, तेवीस वर्षाखालची सी. के. नायडू. नायडू तर नागपुरातच जन्मले, भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन. तुम्ही एकोणिसाव्या वर्षी आले तर तुमचा दरवाजा हा तेवीस वर्षाखालचा आहे, चार सीझन हातात आहेत, म्हणून घाबरायचं नाही आणि टाइमपासपण करायचा नाही. जन्म दाखला मूळ पायजे, शाळेच्या दाखल्याशी आणि आधारशी जुळणारा, नावाचं स्पेलिंगसकट. वय चोरायचा सल्ला देणारे भेटतात, ऐकू नका, लहान गटात हाडांची टेस्ट होते आणि पकडले तर बंदी येते.

टीममध्ये गेल्यावर

इथून पुढे शिकायचं असेल तर उमेशच्या विकेटांपेक्षा त्याचं थांबणं बघा. २०११ ते २०२३, बारा वर्षांत ५७ टेस्ट, १७० विकेट. म्हणजे कितीतरी मॅचला तो टीमसोबत होता, ड्रेसिंग रूममध्ये होता, आणि अकरामध्ये नव्हता. इशांत, शमी, भुवनेश्वर, मग बुमराह, सिराज, टीम परदेशात गेली की याला बसवायचे, भारतात आली की दोनच फास्ट बॉलर खेळायचे. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सगळ्यात जास्त, १८ विकेट त्याच्या, क्वार्टर फायनलला बांगलादेशविरुद्ध चार, सेमीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार, तरी वनडेत कायमची जागा मिळाली नाही. मला आजही वाटते की त्याचं जेवढं कौतुक व्हायला पायजे होतं तेवढं झालं नाही, निदान नागपुरात तरी त्याच्या नावानं पोट्टे ओळखले जायला पायजे.

पण अशा वेळी त्यानं काय केलं ते बघा. जानेवारी २०१९, रणजी सेमीफायनल, केरळविरुद्ध वायनाडच्या कृष्णगिरी ग्राउंडवर. टीम इंडियाचा बॉलर, पण विदर्भासाठी पूर्ण जोर लावून, पहिल्या इनिंगमध्ये ४८ रनमध्ये ७ विकेट, दुसऱ्यात ३१ रनमध्ये ५, म्हणजे ७९ रन देऊन १२ विकेट, मॅच दोन दिवसांत खतम, डाव आणि ११ रननं जिंकलो. पुढे जामठ्याला सौराष्ट्रला हरवून आपण सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकलो. तर क्लबमध्ये तुम्हाला बसवलं, बारावा माणूस केलं, तर तोंड पाडून किट उचलून निघून जाऊ नका. ड्रिंक्स घेऊन जा, नेटमध्ये दुप्पट टाका, आणि दुसऱ्या टीममध्ये उतरवलं तर तिथं पाच काढा. सिलेक्टर लोकं बसवलेला पोट्टा कसा वागतो तेच बघतात, हे मी कितीतरी पोट्ट्यांच्या बाबतीत पाहून राहिलो.

आणि मार्च २०२३, इंदूर. फेब्रुवारीच्या २२ तारखेला त्याचे वडील गेले, आठवडाभरात तो परत टीममध्ये. टेस्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया ४ बाद १८६ वर होती, तिथून १९७ ला ऑल आऊट, उमेशनं १२ रनमध्ये ३ विकेट, ग्रीन पायचीत, स्टार्क आणि मर्फीच्या दांड्या गुल. भारतात त्याच्या शंभर टेस्ट विकेट तिथं पूर्ण झाल्या. स्टार्कचा स्टंप लांब उडत गेला तो व्हिडिओ मी पोट्ट्यांना नेहमी दाखवतो, सीमसाठी पण आणि त्या माणसासाठी पण.

घरच्यांसाठी

आईबाबांचा प्रश्न असतो की यात पोट भरते का. सरळ आकडे सांगतो. बीसीसीआयनं २०२१ मध्ये मॅच फी वाढवली, रणजीत नव्या खेळाडूला, म्हणजे वीस मॅचपर्यंत, खेळलेल्या दिवसाला ४० हजार, २१ ते ४० मॅचवाल्याला ५० हजार, त्यापुढे ६० हजार. तेवीस वर्षाखालच्याला दिवसाला २५ हजार, एकोणीस वर्षाखालच्याला २० हजार. बरे पैसे आहेत, पण टीममध्ये जागा पंधरा-वीसच आणि विदर्भात पोट्टे हजारो, म्हणून कॉलेज सोडू देऊ नका. आर्ट्स, कॉमर्स, काहीही करा, पण ग्रॅज्युएशन पूर्ण करा, कारण स्पोर्ट्स कोट्याच्या नोकरीला डिग्री आणि राज्याकडून खेळल्याचं सर्टिफिकेट दोन्ही मागतात. पोलीस शिपाई व्हायला निघालेल्या उमेशला २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर ऑफिसात असिस्टंट मॅनेजरची पोस्ट मिळाली ती खेळामुळेच. रेल्वे, बँका, पोलीस, सगळीकडे कमी-जास्त भरती असते, तेवीस वर्षाखालच्या टीमपर्यंत गेलेल्या पोट्ट्याला पण त्याचा उपयोग होतो.

पोट्ट्याला किती वेळ द्यायचा हे आधीच ठरवून घ्या, घरात बसून, भांडण न करता. माझ्या हिशोबानं लेदरवरचे तीन पूर्ण सीझन. पहिल्या सीझनला फक्त ॲक्शन आणि क्लबची दुसरी टीम, दुसऱ्याला लीगमध्ये नियमित मॅच, तिसऱ्याला जिल्हा किंवा तेवीस वर्षाखालच्या ट्रायलला बोलावणं आलं पायजे. आलं तर पुढे चला. नाही आलं तर क्रिकेट बंद करायची गरज नाही, लीग खेळत राहा, अंपायरिंगची परीक्षा आहे, कोचिंगच्या लेव्हल आहेत, स्कोअररची पण परीक्षा असते, पण मग नोकरीचा अभ्यास पहिल्या नंबरवर घ्या.

जून सुरू व्हायच्या आधी क्लब गाठा. पावसाळ्यात ग्राउंड बंद असते तेव्हा क्लबवाले फिटनेस घेतात, नवीन पोट्टे तेव्हाच बघून ठेवतात, आणि ऑक्टोबरला मॅच सुरू झाल्यावर गेले तर यादी बनून झालेली असते. जाताना शूज, पाण्याची बाटली, जन्म दाखल्याची झेरॉक्स, आणि तो स्लो मोशनचा व्हिडिओ मोबाइलमध्ये.